चिनी वैद्यकातलं पौष्टिक खाणं: आधी पोट, मग सूप

प्रश्न थोडक्यात असा: वय 38, मुक्काम सिंगापूर. सतत थकवा, केस गळतात, पाळीत रक्तस्राव कमी. शेजारच्या आजींच्या सांगण्यावरून दुकानातून सूपची पाकिटं आणली. त्यात दांगग्वेई, ह्वांगछी, दांगशेन (या तिन्ही चिनी औषधी मुळ्या), लाल बोरं आणि गोजी (लहान, लाल, वाळवलेलं फळ) होते. रोज एक पाकीट कोंबडीबरोबर उकळून आठवडाभर घेतलं. तिसऱ्या दिवसापासून पोट फुगलं, तोंड आलं, झोप उडाली. पौष्टिक वस्तू बाधली कशी, आणि घरी नेमकं काय, किती आणि कसं करावं?

सूपकडे वळण्याआधी एक काम उरका. हिमोग्लोबिन, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) आणि थायरॉईडची तपासणी करून घ्या. थकवा, केस गळणं आणि पाळीतला बदल ही तिन्ही लक्षणं लोहाच्या कमतरतेत आणि थायरॉईडच्या विकारात दिसतात, आणि त्यावर कुठलंही सूप पुरत नाही. लाल बोरांनी रक्त वाढतं ही समजूत चीनमध्येही घट्ट रुजलेली आहे. पण वाळलेल्या बोरांत 100 ग्रॅममागे लोह साधारण 2 मिलिग्रॅमच, तेही वनस्पतीतलं, अंगाला कमी लागणारं. फेरिटिन खाली असेल तर डॉक्टरांनी दिलेलं लोहच घ्यायचं. तपासण्या ठीक आल्या की पुढचं वाचा.

आता बाधलं का ते पाहू. पाकिटातल्या पाचही वस्तू पुष्टीच्या आहेत. दांगग्वेई, ह्वांगछी आणि लाल बोरं उष्णतेकडे झुकणाऱ्या, दांगशेन आणि गोजी सम. चवीने पाचही गोड. चिनी वैद्यकाच्या हिशेबात गोड चव पोसते, पण जड असते आणि पोटात साचून राहते. जुने वैद्य म्हणून अशा पाठात (म्हणजे औषधी मिश्रणात) आलं किंवा संत्र्याची जुनी साल असं काहीतरी हलतं ठेवणारं घालतात. तुमच्या पाकिटात ते नव्हतं. त्यात रोज कोंबडीचं तेलकट सूप, आणि हवा सिंगापूरची, म्हणजे बारा महिने उकाडा आणि दमट. उत्तर चीनमध्ये बर्फ पडत असताना मानवणारा पाठ इथे रोज घेतला की तोंड येणारच.

सगळ्यात मोठं कारण पचन. चिनी वैद्यक अन्नाचं रस-रक्त करण्याचं काम प्लीहा आणि जठर यांच्याकडे देतं. ही प्लीहा म्हणजे शरीरशास्त्रातला तो अवयव धरू नका, पचवून अंगी लावण्याच्या शक्तीला दिलेलं ते नाव आहे. ही शक्ती मंद असताना वरून पुष्टीचा मारा केला तर ती वस्तू अंगी लागत नाही, तिचा ओलसर, चिकट साठा होतो आणि साठ्यातून उष्णता उठते. आयुर्वेदातला अग्निमांद्य आणि आम यांचा विचार ओळखीचा असेल तर हे पटकन कळेल. मात्र तेवढ्यावर वात-पित्त-कफाचा तक्ता या पद्धतीवर चढवू नका, पुढे मेळ बसत नाही. साधं उदाहरण दुधातुपाचं. आपल्याकडे पुष्टी म्हटलं की ते पहिलं येतं. चिनी परंपरेच्या मुख्य धारेत त्याला फारसं स्थान नाही, तिथे धान्याची पेज, अंडी, सूप, तीळ आणि अक्रोड ही कामं करतात.

पुष्टीचं वेड असलेल्या शांघायच्या भागातही हा क्रम पाळतात. तिथे हिवाळ्यात अवलेहासारखा घट्ट पाक घेण्याची रीत आहे, साधारण 22 डिसेंबरच्या आसपासच्या सर्वांत लहान दिवसापासून वसंताच्या आरंभापर्यंत, म्हणजे सहा-सात आठवडे. पण त्याआधी दोन-तीन आठवडे वैद्य 'वाट मोकळी करणारा' साधा काढा देतात. पोट हलकं झालं, जिभेवरचा थर उतरला, मगच पाक सुरू. आपण दुकानातून पाकीट आणतो तेव्हा नेमका हाच टप्पा गाळतो.

जीभ बघायला शिका, फार अवघड नाही. सकाळी उठल्यावर, दात घासण्याआधी, खिडकीजवळच्या उजेडात पाहायची. कॉफी, हळद, रंगीत गोळी यांनी थराचा रंग बदलतो. जीभ फिकट, फुगीर आणि कडेला दातांचे ठसे असतील तर प्राणशक्ती (चिनी लोक तिला छी म्हणतात) आणि पचन कमी. या माणसाला दम लवकर लागतो, थोड्या श्रमाने घाम येतो, शौचाला पातळ होतं. ठसे नाहीत, पण जीभ आणि ओठ फिकट, चक्कर, कोरडे केस, कमी पाळी असं असेल तर रक्त कमी. जीभ लाल, थर जवळजवळ नाही, मधे भेगा, रात्री घसा कोरडा, तळहात-तळपाय गरम, तर यिन (शरीरातला गारवा आणि ओलावा) कमी. तिथे आलं-मटण म्हणजे आगीत तेल. जीभ फिकट आणि ओली, हातपाय गार, रात्री लघवीला उठावं लागतं, पहाटे पातळ शौच, तर यांग (शरीरातली ऊब) कमी. आणि जिभेवर जाड, चिकट, पिवळट थर दिसला तर वरच्या चारांपैकी काहीही असो, पुष्टीचं काहीच घ्यायचं नाही. ताप, सर्दी, कफाचा खोकला यांतही तोच नियम. जुन्या वैद्यांच्या भाषेत, चोर घरात असताना दार लावून घेऊ नये.

तुमचं वर्णन रक्त आणि प्राणशक्ती कमी असण्याकडे जातं. पण पोट फुगलेलं आणि तोंड आलेलं असताना सुरुवात पेजेनेच करावी लागेल.

सातव्या शतकातल्या सुन सिमियाओ या वैद्याने सांगून ठेवलंय की आधी आहाराने उपचार करा, तो कमी पडला तरच औषध द्या. उत्तर चीनमध्ये बाळंतिणीला, आजारातून उठलेल्याला आणि लहान बाळाला पहिलं अन्न दिलं जातं ते श्याओमीच्या पेजेचं. श्याओमी म्हणजे आपला राळा. हे धान्य उत्तर चीनमध्येच हजारो वर्षांपूर्वी लागवडीखाली आलं. सिंगापूरच्या चिनी दुकानात पिवळीजर्द श्याओमी मिळते. गावाहून आणलेला राळा असेल तर तोही चालतो, फक्त नवा हवा. जुन्या राळ्याला खवट वास येतो आणि पेजेवर साय धरत नाही.

दोघांसाठी 60 ग्रॅम राळा, 900 मिलिलिटर पाणी. राळा एकदाच विसळायचा, चोळून धुवायचा नाही. पाण्याला खळखळून उकळी आली की राळा घाला. गार पाण्यात घातला तर तळाला बसतो आणि लागतो. पहिली पाच मिनिटं मोठ्या आचेवर ढवळत राहा, मग आच अगदी मंद करा आणि झाकण तिरकं ठेवून 35 ते 40 मिनिटं शिजू द्या. गॅस बंद केल्यावर दहा मिनिटं हात लावू नका. वर जी चिकट साय धरते ती या पेजेतला सर्वांत मौल्यवान भाग मानतात, अशक्त माणसाला ती आधी देतात. लवकर दाट व्हावी म्हणून कुणी खायचा सोडा टाकतात, तसं करू नका. पेज दाट दिसते, पण ब1 जीवनसत्त्व जातं. पहिला आठवडा नुसती पेज सकाळी, चिमूटभर मीठ घालून. दुसऱ्या आठवड्यात तीन लाल बोरं, बिया काढून, सुरुवातीलाच घाला, आणि शेवटच्या वीस मिनिटांत ताज्या शानयाओचे 80 ते 100 ग्रॅम तुकडे.

शानयाओ म्हणजे चिनी कंद, आपल्या कोनफळाच्या कुळातला. बाजारात दोन प्रकार दिसतात. जाड, गुळगुळीत, पाणचट कंद परतून खायला बरा. पेजेला आणि सूपला बारीक, खरबरीत, केसाळ, जड कंद घ्या. हेनान प्रांतातल्या च्याओत्सुओ भागातला 'लोखंडी काठी' या नावाचा कंद सर्वांत नावाजलेला. सोलताना सुरणासारखे हात खाजतात. हातमोजे घाला, किंवा सरळ सालीसकट दहा मिनिटं वाफवून मग सोला. कापलेले तुकडे काळे पडू नयेत म्हणून व्हिनेगर घातलेल्या पाण्यात ठेवा आणि लोखंडी भांडं टाळा. वाळलेल्या चकत्या वापरायच्या असतील तर 15 ते 20 ग्रॅम, अर्धा तास भिजवून. दुधासारख्या पांढऱ्याशुभ्र चकत्या बहुधा गंधकाची धुरी दिलेल्या असतात. चांगली चकती फिकट पिवळसर, पिठूळ असते.

दोन आठवड्यांत पोटाची फुगी उतरली, शौच नियमित झालं, जिभेवरचा थर पातळ झाला, तर पुढच्या पायरीवर या. तैवानमध्ये घरोघरी आणि रस्त्यावरच्या गाड्यांवर मिळणारं 'चार देवांचं सूप' हा त्याचा उत्तम नमुना. मूळ चार वस्तू म्हणजे शानयाओ, कमळबी, फूलिंग आणि छ्येनशी. तैवानी लोक ते डुकराच्या आतड्याबरोबर शिजवतात आणि वाढताना वर दांगग्वेई मुरवलेल्या तांदळाच्या दारूचे थेंब टाकतात. तुम्ही सुक्या शिताके मशरूमबरोबर केलं तरी चव छान येते. फूलिंग ही पाइन झाडाच्या मुळांवर वाढणारी बुरशी आहे, तिचे पांढरे चौकोनी तुकडे कितीही शिजवले तरी खडूसारखेच लागतात. ते नासलेत असं समजून फेकू नका, चावायला नको वाटलं तर पूड घ्या. छ्येनशी म्हणजे मखान्याचंच बी, न फुलवलेलं. बिहारमधून येणारा फुलवलेला मखाना इथे चालत नाही, सूपात पडताच विरघळून जातो.

बरेच तैवानी स्वयंपाकी यात ईमी नावाचं धान्य घालतात, आणि बाहेर सर्वांत जास्त फसवणूक याच धान्यात होते. हाँगकाँगकडच्या दुकानात 'परदेशी ईमी' म्हणून जे मिळतं ते सोललेलं जव असतं. खरं ईमी जवापेक्षा मोठं, गोलसर आणि मधे खोल खाच असलेलं. जवात ग्लूटेन असतं, ज्यांना ते चालत नाही त्यांनी तर नीट बघूनच घ्यावं. कच्चं ईमी थंड गुणाचं. पोट कमजोर असणाऱ्यांनी ते कोरड्या कढईत मंद आचेवर, पिवळसर होऊन खमंग वास सुटेपर्यंत भाजून घ्यावं. गरोदरपणात ईमी परंपरेने वर्ज्य आहे.

चार वाट्यांसाठी: वाळलेला शानयाओ 20 ग्रॅम, कमळबी 25, छ्येनशी 25, फूलिंग 15, भाजलेलं ईमी 25, शिताके चार, पाणी पावणेदोन लिटर. छ्येनशी आणि ईमी फ्रिजमध्ये चार तास भिजवा. कमळबीच्या पोटात हिरवा कोंब असेल तर काढा, नाहीतर सगळं सूप कडू होतं. आधी छ्येनशी आणि ईमी चाळीस मिनिटं शिजवा, मग बाकीचं घालून आणखी चाळीस. मीठ शेवटी. प्रेशर कुकर चालतो, शिटी आल्यावर मंद आचेवर वीस मिनिटं, फक्त शानयाओ मोडतो. आठवड्यातून तीनदा पुरे. ज्यांना बद्धकोष्ठ आहे त्यांनी कमळबी आणि छ्येनशी वगळावी, दोन्ही धरून ठेवणाऱ्या वस्तू आहेत. उलट शौच पातळ असणाऱ्यांना त्याच कामाच्या.

यानंतर तुमचं पाकीट. ते फेकू नका, मोडून वापरा. तेराव्या शतकातला ली दोंगयुआन (1180–1251) हा पचनाला सर्वांत जास्त मान देणारा वैद्य. त्याच्या रक्त वाढवणाऱ्या प्रसिद्ध काढ्यात दोनच वस्तू आहेत, ह्वांगछी पाच भाग आणि दांगग्वेई एक भाग. नाव रक्ताचं आणि भरणा मात्र प्राणशक्तीच्या मुळीचा, कारण त्याच्या मते रक्त तयार करायला आधी जोर लागतो. दुकानी पाकिटांत बहुतेकदा दांगग्वेई भरमसाट असते, कारण तिचा वास गिऱ्हाइकाला ओढतो. तराजूवर तोलून 15 ग्रॅम ह्वांगछी आणि 3 ग्रॅम दांगग्वेई घ्या. दांगशेन 10 ग्रॅम, लाल बोरं चार (बिया काढून), गोजी 10 ग्रॅम, आल्याच्या तीन चकत्या आणि छेनफी 3 ग्रॅम.

छेनफी म्हणजे वाळवून किमान तीन वर्षं मुरवलेली संत्र्याची साल, दक्षिण चीनच्या क्वांगतोंग प्रांतातल्या शिनह्वी भागातली नाव काढलेली. पाकिटात नव्हती ती हीच वस्तू. कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवून आतला पांढरा गर सुरीने खरवडा, तो कडू असतो. घरी वाळवलेली ताजी साल तिखट आणि उग्र लागते, ती टाकून चव बिघडते.

अर्धी कोंबडी, साधारण 600 ग्रॅम, कातडी आणि चरबी काढून. गार पाण्यात टाकून उकळी आणा, मळी वर आली की पाणी ओतून द्या आणि तुकडे कोमट पाण्याने धुवा. गार पाण्याने धुतले तर मांस आखडतं आणि आत राहिलेली मळी सुटत नाही. मग दीड लिटर गरम पाणी, कोंबडी, ह्वांगछी, दांगशेन, बोरं, आलं, छेनफी. उकळी फुटली की आच इतकी कमी करा की पृष्ठभाग जेमतेम हलेल. जोरात रटरटलं की चरबी फुटून सूप दुधाळ आणि जड होतं. एक तासाने दांगग्वेई घाला आणि आणखी तीस मिनिटं. गोजी शेवटच्या दहा मिनिटांत. आधी टाकला तर फुटून आंबट होतो. मातीचं किंवा काचेचं भांडं उत्तम, स्टीलही चालेल. निवल्यावर वरचं तेल काढून प्या. आठवड्यातून दोनदा, त्याहून जास्त नाही, आणि पाळी चालू असताना नाही. पाळी संपल्यावरच्या आठवड्यात घेण्याची रीत आहे. दांगग्वेई आतड्यांना स्निग्ध असल्यामुळे पोट ढिलं झालं तर तीही वगळा, बाकीचं सूप तसंच चालतं.

कोंबडीऐवजी तिथल्या बाजारात रेशमी पिसांची काळी कोंबडी मिळते, च्यांगशी प्रांतातल्या ताइहे भागातली प्रसिद्ध. बायकांच्या रक्त आणि यिनसाठी तीच निवडतात. आपल्या कडकनाथसारखं तिचं मांस आणि हाडं काळसर असतात. ती लहान असते, एक अख्खी लागते.

मटणाचं म्हणाल तर त्याची मूळ कृती पूर्व हान काळातल्या (सन 25–220) चांग चोंगचिंग या वैद्याची. दांगग्वेई तीन ल्यांग, आलं पाच ल्यांग, मटण एक चिन. ही जुनी चिनी वजनं, सोळा ल्यांगांचा एक चिन, म्हणजे प्रमाण 3:5:16. हे सूप त्याने बाळंतिणीच्या आणि थंडीने होणाऱ्या पोटदुखीवर लिहिलं. हे प्रमाण आज जसंच्या तसं धरलं तर 500 ग्रॅम मटणाला 94 ग्रॅम दांगग्वेई लागेल. ते औषध झालं. घरगुती सूपला 500 ग्रॅम मटणाला 10 ग्रॅम दांगग्वेई आणि 50 ग्रॅम आलं एवढंच घेतात. चौघांनी एका वेळी खायचं, तेही गारठ्यात. जीभ लाल असणाऱ्याने, तोंड आलेल्याने, ताप असलेल्याने नाही. क्वांगतोंगचे लोक मटणाच्या हंडीत ऊस आणि शिंगाड्यासारखा कुरकुरीत पाणकंद घालतात, त्यामागे उष्णता उतरवण्याचाच विचार आहे. तुमच्यासाठी सध्या हे सूप नको. सिंगापूरच्या हवेत ते वर्षातून दोनदा-तीनदा पुष्कळ झालं.

रात्री झोप उडते, घसा कोरडा पडतो, अशा दिवसांत यिन-अर करा. ही पांढरी, फुलासारखी बुरशी. सुका गड्डा 15 ग्रॅम, गार पाण्यात एक तास भिजवला की दसपट फुगतो. खालचा पिवळा कडक देठ कापून टाका, उरलेली अगदी बारीक फाडा. मोठे तुकडे ठेवले तर कितीही शिजवा, चिक सुटत नाही. सव्वा लिटर पाण्यात मंद आचेवर दीड ते दोन तास. मधेच 20 ग्रॅम कमळबी आणि 15 ग्रॅम पाइहे (लिलीचा सुका कंद, अर्धा तास भिजवून). खडीसाखर अगदी शेवटी, 20 ग्रॅम पुरे. दुपारी एक वाटी घ्यायची. पोट गार पडून शौच पातळ झालं तर थांबा.

इथे एक धोका जीवघेणा आहे. यिन-अर किंवा काळी बुरशी रात्रभर बाहेर भिजत ठेवू नका. दमट हवेत त्यावर एक जिवाणू वाढून बाँगक्रेकिक ॲसिड हे विष तयार करू शकतो. ते उकळून जात नाही, वासाने किंवा चवीने कळत नाही, आणि यकृत निकामी करतं. हेच विष ऑक्टोबर 2020 मध्ये चीनच्या हेइलोंगच्यांग प्रांतात आंबवलेल्या मक्याच्या शेवयांतून गेलं आणि एकाच जेवणातले 9 जण दगावले. भिजवणं दोन तासांच्या आत, जास्त वेळ लागणार असेल तर फ्रिजमध्ये, आणि भिजवलेलं त्याच दिवशी शिजवायचं. चिकट, बुळबुळीत झालं तर विचार न करता फेका.

खरेदीतला गोंधळ मोठा आहे, मुख्यतः वजनाचा. चीनच्या मुख्य भूमीवर बाजारातला एक ल्यांग 50 ग्रॅम. तैवानचा 37.5. हाँगकाँग-सिंगापूरकडचा जुना ल्यांग, ज्याला सिंगापुरात ताहिल म्हणतात, 37.8 ग्रॅम. जुन्या वैद्यकी कृतींमधला ल्यांग आज साधारण 30 ग्रॅम धरतात. कृती कुठली हे माहीत नसेल तर ल्यांगमधलं माप वापरू नका, ग्रॅमचंच धरा. बोरंही नुसती मोजून चालत नाही, आकार बघावा लागतो. शिनच्यांगचं एक मोठं बोर लहान बोरांच्या दुप्पट-तिप्पट भरतं. सूपला लहान, सुरकुतलेली बोरं घ्या, मोठी नुसती खायला. गोजीचं देठाकडचं टोक फिकट असायला हवं. तेही लालभडक असेल तर रंग दिलेला असण्याची शक्यता असते. पाइहे आणि यिन-अर हस्तिदंती रंगाचे घ्या. पिशवी उघडताच नाकाला झोंबणारा आंबूस वास आला तर गंधकाची धुरी समजा.

चीन सरकारने स्वयंपाकातही चालणाऱ्या औषधी वस्तूंची यादी ठेवली आहे. 2002 मध्ये त्यात 87 वस्तू होत्या: शानयाओ, कमळबी, छ्येनशी, फूलिंग, बोरं, गोजी, पाइहे, ईमी या सगळ्या तिथल्या. दांगग्वेई त्यात नंतर आली आणि तीही फक्त मसाला म्हणून. त्याच खेपेत आपली हळद, केशर आणि पिंपळीही त्याच अटीवर आल्या. ह्वांगछी आणि दांगशेन तर 2023 मध्ये आल्या. यावरून काय रोज खाण्याजोगं आणि काय जपून, याचा अंदाज येतो. यादीबाहेरच्या मुळ्या घरच्या सूपात टाकू नका. दोन नावं विशेष लक्षात ठेवा: हशौवू, केस काळे करण्यासाठी विकतात, हिने यकृताला इजा झाल्याच्या अनेक नोंदी आहेत. आणि फूज, म्हणजे बचनागाच्या कुळातली मुळी. नीट शोधन आणि दीर्घ उकळ नसेल तर ती हृदयाची लय बिघडवते. केसगळतीवर कुणी हशौवू सुचवेलच, घेऊ नका.

वॉरफरिन घेणाऱ्यांनी दांगग्वेई आणि गोजी दोन्ही टाळावेत, रक्तस्रावाचा धोका वाढतो. अवयवरोपणानंतरची किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील तर ह्वांगछी नको. मधुमेहात बोरं आणि वाळलेलं लाँगन (लिचीसारखं गोड फळ) म्हणजे साखरच समजा. रक्तदाब असेल तर पाकिटात ज्येष्ठमध आहे का ते पाहा, रोज घेतल्यास तो दाब वाढवतो आणि पोटॅशियम घटवतो. गाउट असणाऱ्यांनी तासन्‌तास उकळलेली मांसाची सूप टाळावीत, प्युरिन पाण्यात उतरतं. गरोदर असाल किंवा प्रयत्नात असाल तर दांगग्वेई, ईमी आणि लाँगन डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. लहान मुलांना पेज, शानयाओ, कमळबी एवढंच पुरे.

फरक पडतोय की नाही हे सूपच्या चवीवरून ठरत नाही. शौच, भूक, झोप आणि जीभ या चार गोष्टी आठवड्याला एकदा लिहून ठेवा. नवीन वस्तू एका वेळी एकच वाढवा आणि चार दिवस थांबा, नाहीतर बाधलं काय ते कळत नाही. सहा-आठ आठवड्यांत काहीच हललं नाही, किंवा पाळी आणखी कमी झाली, तर सूप बंद करून डॉक्टरांकडे जा. चिनी वैद्याकडे जायचं असेल तर सिंगापुरात त्यांची सरकारी नोंदणी असते, नोंदणीकृत वैद्यच गाठा आणि चालू औषधांची यादी बरोबर न्या.

साठवणीचं: बोरं, गोजी, लाँगन दमट हवेत महिन्याभरात चिकट होऊन बुरशी धरतात, तेव्हा हवाबंद डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा. कमळबी, ईमी आणि छ्येनशीत किडे पडतात, आणल्यावर दोन दिवस फ्रीजरमध्ये ठेवून मग डब्यात भरा. दांगग्वेईत तेल असतं, ती काचेच्या बरणीत वेगळी ठेवा, नाहीतर डब्यातल्या सगळ्या वस्तूंना तिचा वास लागतो. छेनफी मात्र फ्रिजमध्ये ठेवू नका. वर्षातून एकदा कोरड्या उन्हात दोन तास वाळवून परत बरणीत भरा.